एकेचाळिसावं पान

“आक्का, पडदा काळा झाला म्हणजे मशीन मेलं असं धरून चालायचं नाही. आधी त्याच्याशी बोलून बघायचं. काहीबाही टाइप कर, एंटर मार आणि कान दे. जिवंत असेल तर हूं म्हणतंय ते.”

माझा धाकटा भाऊ शीतल पुण्याहून फोनवर सांगत होता. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी आमच्या बस्तीच्या शास्त्रभांडारात, म्हणजे जैन मंदिरातल्या पोथ्यांच्या खोलीत, चटईवर बसले होते. पुढ्यात चौरंग, चौरंगावर लॅपटॉप, आणि त्याचा पडदा तव्याच्या बुडासारखा काळा.

“हूं म्हणत नाही रे,” मी म्हटलं. “नुसता पंखा फिरतोय.”

“पंखा फिरतोय ना? मग श्वास चालू आहे. सकाळी काय केलीस ते सांग.”

“काही नाही. त्यानं विचारलं, अपडेट करू का? मी हो म्हटलं.”

“आजच?”

“फार अदबीनं विचारलं होतं. मला नाही म्हणवेना.”

मग तो म्हणाला, “तुला कुणीही गंडवील बघ.”

या गोष्टीला आता नऊ वर्षं होतील. मी तेव्हा बावन्न वर्षांची होते आणि कन्याशाळेत मराठी शिकवत होते. शाळा सुटली की बस्तीत येऊन जुन्या पोथ्यांचे अभ्यासक भूपालअण्णा उपाध्ये यांच्या हाताखाली काम करायचं, हा माझा दुसरा धर्म. पहिल्या धर्मात रोजचं दर्शन, सकाळचं सामायिक म्हणजे मौन धरून ध्यानाला बसणं, पाणी गाळून पिणं, सूर्य मावळायच्या आत जेवण, आणि जेवण झाल्यावर दिवसभरात आपल्या हातून काय काय चुकलं ते लिहून काढणं, हे नेम होते. पूर्वी वहीत लिहायची. शीतलनं त्याचा जुना लॅपटॉप मला दिला, त्यात लिनक्स ही प्रणाली घालून दिली, तेव्हापासून त्यात लिहीत होते. माझे डोळे शिणतात म्हणून त्यानं त्या फाइलसाठी काळा पडदा आणि वर पांढरी ठसठशीत अक्षरं लावून दिली होती. दोन बटणं एकदम दाबली की फाइल उघडायची आणि पडदा भरून टाकायची. “आक्काची चित्रगुप्ताची वही,” असं तो म्हणायचा.

त्या दिवशी चार वाजता अण्णांच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. तीनशे वर्षांपूर्वीची एक पोथी, सुट्या पानांची, लाल शाईच्या समासाची. चंदनेची कथा. राजाची पोर, बाजारात विकली जाते, एका सावकाराच्या घरी दासी होते, सावकारीण तिचं मुंडण करून बेड्या घालून तळघरात कोंडते, आणि शेवटी त्याच बेड्यांत तिच्या हातून महावीरांना आहाराचं दान घडतं. कथा आमच्यात घरोघर ठाऊक आहे. पण ही पोथी ओव्यांत होती आणि लिहिणारी बाई होती, असं अण्णांचं मत होतं. नाव नव्हतं तिचं कुठं. पोथी त्यांच्या हाती आली तीच मुळी त्यांचे डोळे जायला लागल्यावर. म्हणून मी वाचायची, त्यांनी ऐकायचं, अर्थ सांगायचा, मी टाइप करायचं. आठवड्याला एक पान. सगळी मिळून एकशे सहा पानं.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या नजरेत मधोमध काळा डाग पडला होता. कडेकडेनं धूसर काही दिसायचं. दीड वर्षात एक अक्षर वाचलं नव्हतं त्यांनी. मिरजेचे डॉक्टर म्हणाले होते, उरलंय तेही आता थोड्या दिवसांचं. अगदी हातभर मोठं, काळ्यावर पांढरं काही दाखवलंत तर कदाचित दिसेल. म्हणून तर हा सगळा घाट. सभागृहाच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावायचा, लोक यायच्या आधी अण्णांना पुढच्या खुर्चीत बसवायचं आणि पुस्तकाचं पहिलं पान काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत भिंतभर दाखवायचं. आयुष्यभर वाचत आलेल्या माणसाला स्वतःच्या पुस्तकाचं एक पान स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला मिळावं, इतकीच गोष्ट होती. आणि मी अपडेटला हो म्हणून बसले होते.

“हे बघ,” शीतल म्हणाला, “तुझ्या मशीनमध्ये चित्र काढणाऱ्या दोन चिपा आहेत. एक साधी, एक जोरकस. त्यांना आणि लिनक्सला एकमेकांची भाषा कळत नाही. मध्ये दुभाषी लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. तू रात्रीतनं लिनक्स नवं केलीस...”

“सकाळी.”

“सकाळी. आणि दुभाषी राहिला जुना. आता हा काय बोलतोय ते त्याला कळत नाही. पडदा गप्प.”

“मग?”

“मग काय, दुभाषी बदलायचा. आधी पडद्यावर काहीतरी दिसेल असं करू. बंद करून चालू कर. कंपनीचं चिन्ह आलं की शिफ्ट धरून ठेव.”

शिफ्ट धरून ठेवली. एक यादी आली. मला इतका आनंद झाला की मी तिला मनात नमस्कार केला. शीतलनं एक ओळ शोधायला लावली, तिच्या टोकाला एकेक अक्षर सांगून एक शब्द लिहायला लावला. “नो, मोड, सेट. सगळं जोडून. मध्ये जागा सोडू नको. म्हणजे चिपांना सांगायचं, बाबांनो, तुम्ही राहू द्या, मी ओबडधोबड का होईना काढतो चित्र.”

लॅपटॉप उजळला. अक्षरं फुगलेली, रंग विटलेले, पण दिसत होतं.

दाराशी बापू आला. बापू कोळेकर बस्तीचा राखणदार; झाडलोट, घंटा, पाणी तापवणं सगळं तोच बघायचा. प्रोजेक्टरची वायर त्यानंच सभागृहातून भिंतीच्या भोकातनं इकडं ओढून दिली होती.

“बाई, भिंत निळी हाय अजून. सिग्नल न्हाई म्हणून लिवून येतंय.”

“अण्णा आले का?”

“आले की. पुढच्या खुर्चीत बसल्यात. म्हणत्यात, बापू, आभाळ दिसायलंय का मला? मी म्हणलं व्हय, आभाळच हाय ते.”

“त्यांना सांग, थोडा वेळ लागेल.”

“धक्का मारून बघू का? जीपला मारतोय तसा.”

“नको बापू.”

दार ओढून घेऊन तो गेला. भांडाराचं दार उघडं ठेवायचं नाही, उंदीर येतात, हा आमचा जुना नियम. दार जाड सागवानी आहे. आत बसलं की बाहेरचं जग उशीखाली ठेवल्यासारखं होतं.

शीतल म्हणाला, “ओबडधोबड चित्रात बाहेरच्या पडद्यावर काही जात नाही. त्याला खरा दुभाषीच पाहिजे. आता मी सांगतो तसं लिही. आणि आक्का, हळू. अक्षर चुकलं तर पहिल्यापासून.”

पाऊण तास गेला. मी एकेक अक्षर दाबत होते, तो एकेक सांगत होता. मध्येच त्यानं पासवर्ड विचारला, मी म्हणायला लागले, तर म्हणाला, “आक्का, तू णमोकार मंत्र म्हणतीयस का पासवर्ड सांगतीयस?”

“दोन्ही एकच आहे.”

“वा. चोर आला तर पुण्य लागेल त्याला.”

ओळींमागून ओळी पडद्यावरून धावल्या आणि थांबल्या. एकही तक्रार नव्हती. शीतल म्हणाला, “आता बंद करून चालू. काही लिहायचं नाही, शिफ्ट धरायची नाही, सरळ येऊ दे.”

सरळ आलं आणि सरळ काळं झालं.

“शीतल.”

“हं.”

“काळं.”

त्याच्यामागे कुणीतरी त्याला हाक मारली. तो म्हणाला, “आक्का, मला दहा मिनिटं आत जावंच लागतंय, साहेब उभा आहे समोर. दहा मिनिटांत फोन करतो. तोवर पासवर्ड टाक, त्याच्याशी बोलत राहा. बोललीस की कळेल जिवंत आहे का.” आणि फोन बंद.

तीन वाजून वीस मिनिटं. मी अंधाराकडे बघत पासवर्ड टाकला. एंटर. थोड्या वेळानं आतून तो दोन सुरांचा आवाज आला, रोज पासवर्ड टाकल्यावर यायचा तो. जिवंत होतं. आंधळं, पण जिवंत. मी ती दोन बटणं दाबली. फाइल उघडली असेल का, कळायला मार्ग नव्हता. मनात आलं, आपण कुणाशी बोलायचं म्हणजे इथंच बोलत आलोय.

आणि खरं सांगते, त्या काळ्या पडद्याचं मला बरंच वाटलं. तासाभरात पुस्तक लोकांच्या हाती जाणार होतं. त्यानंतर बोलण्यात अर्थ राहिला नसता. दीड वर्षं मी रोज फाइलच्या शेवटी एकच ओळ लिहीत आले होते आणि रोज ती झाकून ठेवत आले होते. आज काहीच दिसत नव्हतं, तर झाकायचं तरी काय? मी लिहायला लागले. बोटांना कळा पाठ होत्या.

लिहून झालं. हात मांडीवर ठेवले. पंख्याचा आवाज मंद झाला, आणि मग भिंतीतल्या वायरीच्या भोकातून मला कुणाचातरी आवाज आला. खालच्या पट्टीत, अडखळत. मला आधी वाटलं बापू घोकतोय काहीतरी. पण आवाज अण्णांचा होता.

“बापू, अरे... बापू. मला अक्षर दिसतंय.”

“व्हय?”

“थांब. बोलू नको. आ... ज... आज. चे. दो... ष. आजचे दोष.” आणि ते हसले. अण्णांना हसताना मी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. “काय रे हे? हे आमचं पहिलं पान नव्हे. पण दिसतंय. कडेनं बघितलं की दिसतंय.”

लॅपटॉपचा पडदा माझ्यासमोर काळाच होता. सगळं भिंतीवर जात होतं.

“सकाळी... यंत्राला... नीट न वाचता... हो म्हटलं. शीतलवर... मनात... चिडले.” अण्णा एकेक शब्द जिभेवर ठेवून बघितल्यासारखा वाचत होते. “त्रिशलाचं आहे हे. बापू, त्रिशला आत काहीतरी लिहितीय आणि तिला ठाऊक नाही. मज्जा बघ.”

पुसून टाकायचं बटण उजव्या कोपऱ्यात असतं. माझं बोट तिथं जाऊन टेकलं होतं. दाबून धरलं असतं तर चार श्वासांत सगळं भिंतीवरून गेलं असतं; अण्णा एका ओळीला अर्धा मिनिट घेत होते. मला पुष्कळ वेळ होता. हे मी का केलं नाही, याचं कारण मी नंतर पुष्कळांना वेगवेगळं सांगितलं. खरं कारण एवढंच, की दीड वर्षानं तो माणूस वाचत होता. माझ्या हातानं त्याच्या डोळ्यांसमोरून अक्षरं काढून घेणं मला जमेना.

“आणि... रोजचंच. पान... एकेचाळीस... खरं नाही.”

अण्णा थांबले.

“म्हंजे काय हो?” बापूनं विचारलं.

“मूळ... पान... श्रुतपंचमीला... बंबात... गेलं. बापूच्या... हातून... नकळत. मी... बघत होते.”

“माज्या?” बापू म्हणाला.

“सामायिकात... होते... म्हणून... बोलले नाही. छापलेल्या... एकवीस ओव्या... माझ्या... आहेत.”

मी त्या बटणावरचं बोट काढलं.

मी उठले. दार उघडलं. सभागृहात साठ रिकाम्या खुर्च्या, पुढच्या रांगेत अण्णा, त्यांच्याशेजारी हातात केरसुणी घेऊन बापू. आणि भिंतभर माझी अक्षरं, एकेक हाताएवढं.

अण्णा भिंतीकडेच तोंड करून बसले होते. मान थोडी वळवून, कडेनं बघण्यासाठी. शेवटची ओळ ते पुन्हा वाचत असावेत, ओठ हलत होते.

“त्रिशला?”

“हो अण्णा.”

“हे खरं आहे का?”

“खरं आहे.”

“नीट सांग.”

मी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. श्रुतपंचमीला पोथ्या उन्हात काढतात. त्या दिवशी दुपारीही मी ओट्यावर सामायिकाला बसले होते. अठ्ठेचाळीस मिनिटं उठायचं नाही, बोलायचं नाही, असा नेम. समोर बापूनं पोथ्यांखाली अंथरलेले जुने पेपर गोळा केले, चुरगाळले आणि बंबाकडे नेले. एका पेपराच्या घडीत मला लाल समासाचा कोपरा दिसला. अकरा मिनिटं उरली होती. मी स्वतःला समजावलं, बंब संध्याकाळीच पेटतो, अकरा मिनिटांत काय होतंय. नेम मोडायचा नाही. अकरा मिनिटांनी जाऊन बघितलं तर पाणी कढत होतं.

“त्या दिवशी पाव्हणे आलेवते कोल्हापूरचे,” बापू पुटपुटला. “म्हणून दुपारचाच पेटवला मी.” त्यानं केरसुणी भिंतीला टेकवून ठेवली, पुन्हा उचलली. “बाई, एक हाक मारायची. नुसतं बापू म्हणायचं.”

“हो.”

“मी मागं वळून बघितलं असतं की.”

“हो बापू.”

अण्णांनी विचारलं, “मला का सांगितलं नाहीस?”

“सांगायलाच आले होते. त्याच दिवशी तुम्ही मिरजेहून आला होता. डॉक्टर आता काही होणार नाही म्हणाले, असं सांगितलंत. आणि विचारलंत, त्रिशला, पोथी पुरी आहे ना? एवढंच राहिलंय माझ्याकडं. मी म्हटलं, पुरी आहे.”

“आणि तीन आठवड्यांनी एकेचाळिसाव्या पानाची पाळी आली.”

“हो.”

“त्या एकवीस ओव्या किती दिवसांत केल्यास?”

“चार दुपारी.”

त्यांनी खिशातून निमंत्रणपत्रिका काढली. त्यांना ती वाचता येत नव्हती, पण वरची ओवी कुठं आहे हे ठाऊक होतं. त्यावर अंगठा ठेवून ती पाठ म्हटली.

“न बोलावें तेथें बोलिलें । बोलावें तेथें मौन धरिलें । दोहीं ठायीं अंतरलें । माझें मज ॥” आणि विचारलं, “हीसुद्धा?”

“हीसुद्धा.”

तळघरातल्या चंदनेच्या तोंडी घातली होती मी ती. अण्णांनी ऐकली तेव्हा पुन्हा तीनदा म्हणायला लावली होती. सगळ्या पोथीचा जीव इथं आहे, म्हणाले होते. अठरा पानांची प्रस्तावना त्यांनी मला तोंडी सांगितली, ती या एका ओवीवर उभी केली, आणि मी ती शब्दन् शब्द उतरवून घेतली. ही लिहिणारी बाईच होती, पुरुषाला हे सुचणार नाही, याचा पुरावा म्हणून त्यांनी हीच ओवी दिली होती.

“दीड वर्षं,” अण्णा म्हणाले, “मी सकाळी उठल्यावर त्या बाईला नमस्कार करतोय. तीनशे वर्षांपूर्वी कोण कुठल्या अंधारात बसून हे लिहून गेली, म्हणून.” त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “तुला करत होतो म्हणजे.”

मला खाली बसावंसं वाटत होतं आणि बसायचा अधिकार नाही असंही वाटत होतं.

“वाईट लिहिलं नाहीस,” ते म्हणाले. “त्याचाच जास्त राग येतोय मला.”

माझ्या हातातला फोन वाजला. शीतल होता. सभागृह रिकामं, त्यामुळं त्याचा आवाज तिघांनाही ऐकू गेला. “आक्का, काही दिसलं का? ऐक, मी सांगायचं विसरलो. तुझ्या मशीनची ती जोरकस चीप बाहेरच्या वायरीला जोडलेली आहे. दुभाषी नवा आला असेल तर कदाचित सगळं प्रोजेक्टरवर जात असेल आणि तुझा पडदा तेवढा काळा राहील. भिंतीवर बघ जरा. आणि काही लिहू नको तोवर.”

“दिसलं,” मी म्हटलं.

“झालं ना मग? अण्णांनी वाचलं?”

“वाचलं.”

“बघ, मी म्हटलं होतं.” त्याला फार आनंद झाला होता. मी फोन ठेवला.

साडेतीन झाले होते. बाहेर चपला काढल्याचे आवाज यायला लागले. बापूनं मला न विचारता प्रोजेक्टरची वायर उपटली. भिंत पुन्हा निळी झाली. अण्णा मात्र तिकडंच बघत राहिले.

“बापू, दार लावून घे थोडा वेळ,” ते म्हणाले. मग माझ्याकडे तोंड वळवलं. “मी लोकांना सांगणार, पुस्तक आज नाही. का नाही, ते मी सांगणार नाही. ते माझं सांगायचं नव्हे.”

“मी सांगते.”

“तुझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात नाही कधी.”

“माईक घेते.”

चारला सभागृह भरलं. अण्णांनी दोन वाक्यांत प्रकाशन रद्द केलं आणि खाली बसले. मी उठून माईकसमोर उभी राहिले. पहिलं वाक्य बोलले तर मागून कुणीतरी म्हणालं, “बाई, जवळ घ्या तोंडाजवळ.” मी जवळ घेतला आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. माझ्या शाळेतल्या मुख्याध्यापिका दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी मध्येच मान खाली घातली ती वर केली नाही. मला वाटतं, ऐकणाऱ्यांना ते पटतच नव्हतं. रोज देवळात दिसणारी, मुंगी चुकवून पाऊल टाकणारी बाई हे बोलतेय याचाच त्यांना धक्का बसला होता. मी बोलून खाली उतरले तेव्हा बापू मागच्या दाराशी उभा राहून म्हणाला, “जाळलं मी हाय. बाईंनी नुस्तं बघितलं.” त्यानं मला वाचवायला म्हटलं, का दुसरं काही, हे मी त्याला आजवर विचारलेलं नाही.

लोक पांगले. मिठाईचे खोके तसेच राहिले. ऊन तिरपं होऊन सभागृहाच्या फरशीवर आलं, माझी जेवायची वेळ टळत चालली होती, आणि अण्णा खुर्चीतून उठत नव्हते. मी त्यांच्याजवळ जाऊन खाली बसले.

ते म्हणाले, “माझे गुरुजी सांगायचे, या कथेची दुसरी प्रत आहे. नदीपलीकडं, कानडी मुलखात, यळगुंडीच्या बस्तीत. मी कधी गेलो नाही. माझ्याकडची पुरी होती. मला गरज काय होती?”

“मी जाते.”

“ते दाखवत नाहीत कुणाला. पूर्वी एक विद्वान येऊन गेला, नक्कल करून नेली आणि आपल्या नावावर छापली. तेव्हापासून पेटीला कुलूप आहे. म्हातारे पंडित आहेत तिथं, ते विचारणार, कशाला पाहिजे.”

“सांगेन.”

“काय सांगशील? शाळेत शिकवते, अभ्यासाला पाहिजे, असं म्हणालीस तर कदाचित उघडतील. तुझ्याकडं बघून कुणालाही विश्वास वाटतो. मलाही वाटला. खरं सांगितलंस, की आमचं पान मी जळू दिलं आणि त्या जागी माझं लिहिलेलं घातलं, तर दारातनंच परत पाठवतील. हे ध्यानात घे.”

“घेतलं.”

“तरी खरं सांगूनच मागशील?”

“खरं सांगूनच मागेन. नाही उघडलं तर दारात बसेन. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागेन.”

“मी किती दिवस वाट बघायची?”

उत्तराची वाट न बघता ते खुर्चीचा हात चाचपत उठले, बापूचा खांदा धरला आणि गेले. जाताना मला जय जिनेंद्र म्हणाले नाहीत.

त्या रात्री मी जेवले नाही. वेळ केव्हाच उलटून गेली होती. सकाळी अंघोळ करून दर्शन घेतलं. शाळेला रजेचा अर्ज शेजारच्या मुलीकडे दिला. पिशवीत दोन साड्या, गाळलेल्या पाण्याची बाटली, कोऱ्या कागदांची चवड आणि दोन पेन्सिली भरल्या. पोथीजवळ शाई नेत नाहीत. बस्तीवरून जाताना बापू अंगण झाडत होता. त्यानं मला बघितलं, पिशवीकडे बघितलं, आणि बाजूला होऊन वाट दिली.

कर्नाटकाची बस जवळजवळ रिकामीच होती. मी खिडकीशी बसले आणि मनातल्या मनात कानडी वाक्य जुळवायला लागले. मला भाजी घेण्यापुरतं कानडी येतं. जळणे याचा शब्द येत होता. जळू देणे याला काय म्हणतात ते काही केल्या आठवेना.

कंडक्टर आला.

“यळगुंडी,” मी म्हटलं. “एक.”

“जाऊन येऊन का नुसतं जायचं?”

“नुसतं जायचं,” मी म्हटलं. “आणि भाऊ, बेळगावकडचे का तुम्ही? मला एक कानडी शब्द विचारायचा होता.”